झाड हिरवंगार आहे, मग माती चांगलीच ना?

वाचकाचं पत्र

सप्रेम नमस्कार. आम्ही तासगाव तालुक्यातले. आमची ३० गुंठ्यांत २२ वर्षं थॉमसन द्राक्षांची बाग होती. हवामानाला आणि खर्चाला कंटाळून गेल्या वर्षी ती काढली. आता तिथे आंबा, पेरू, सीताफळ, लिंबू अशी मिश्र झाडं लावावीत, मुलांना घरचं फळ मिळावं, अशी माझी इच्छा आहे. पण औषधांच्या दुकानात एकाने सांगितलं की जुन्या द्राक्षबागेची माती मोरचुदाने, म्हणजे फवारणीतल्या तांब्याने, मेलेली असते, तिथे जे लावाल त्याच्या फळात विष उतरेल. आमच्या मृदा आरोग्य पत्रिकेत तर तांबं 'पुरेसे' लिहिलंय. खरं काय समजायचं? त्या रानात या उन्हाळ्यात मेंढरं बसवायचा विचार आहे, ते बरोबर आहे का?

दुसरं असं, की घरामागे दिरांचं बॅटरी दुरुस्तीचं शेड दहा-बारा वर्षं होतं, आता बंद आहे. शेडला लागून सासऱ्यांच्या हातचा जुना आंबा आहे. तो दरवर्षी लगडतो. माझ्या मनात शंका आली, पण घरातले म्हणतात, "झाड एवढं हिरवंगार आहे, माती वाईट असती तर जळून नसतं का गेलं?" माझी ४ वर्षांची मुलगी आणि १० वर्षांचा मुलगा त्याच झाडाखाली खेळतात.

उत्तर

ताई, तुमच्या पत्रात दोन जागा आहेत. बागेच्या ज्या ३० गुंठ्यांची तुम्हाला धास्ती वाटते, तिथे थोडी काळजी घेतली तर फळझाडं येतील आणि त्यांची फळं मुलांनी खुशाल खावीत. घरामागच्या ज्या कोपऱ्याबद्दल सगळे निर्धास्त आहेत, तिथे मात्र आज संध्याकाळपासून मुलांना खेळू देऊ नका. का ते सविस्तर सांगते, पण आधी एवढं करा.

मुलांची नखं कापा. जेवणाआधी आणि झोपण्याआधी हात साबणाने धुवायची सवय लावा. त्या बाजूने आलेल्या चपला उंबऱ्याच्या आत येऊ देऊ नका. घर कोरडं झाडण्याऐवजी काही दिवस ओल्या फडक्याने पुसून घ्या, म्हणजे धूळ उडत नाही. आणि बॅटरीच्या प्लेटा शिशाच्या असतात, म्हणून दोघांनाही बालरोगतज्ज्ञांकडे नेऊन रक्तातलं शिसं तपासून घ्या. मिरज तुम्हाला जवळ आहे, तिथे दवाखान्यांची आणि प्रयोगशाळांची कमतरता नाही. डॉक्टरांना बॅटरीच्या शेडची हकीकत नीट सांगा, नाहीतर ही तपासणी सहसा कुणी लिहून देत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१च्या मार्गदर्शिकेप्रमाणे रक्तात प्रति डेसिलिटर ५ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून जास्त शिसं आढळलं, तर ते कुठून येतंय हे शोधून ते थांबवलं पाहिजे. त्याहून कमी आलं म्हणजे सगळं ठीक, असंही नाही. शिशाची अमुक एक पातळी मुलांना सुरक्षित आहे असं कुणीच सांगत नाही. मूल वरून अगदी खेळतं-खातं असतं, आणि आतून त्याच्या मेंदूच्या वाढीवर परिणाम होत असतो. त्याच संघटनेच्या म्हणण्यानुसार, तेवढंच शिसं पोटात गेलं तरी लहान मूल मोठ्या माणसाच्या चार-पाच पट शोषून घेतं. अंगात लोह आणि कॅल्शियम कमी असेल तर आणखी जास्त. म्हणून नाचणी, दूध, पालेभाजी, गूळ-शेंगदाणे हे मुलांच्या ताटात नेमाने असू द्या, आणि रक्ताच्या त्याच तपासणीत हिमोग्लोबिनही बघून घ्या.

मी तुम्हाला घाबरवत नाहीये. दोघांचेही आकडे चांगले येतील अशीच मला आशा आहे. पण ही एक गोष्ट पुढे ढकलण्यासारखी नाही.

आता तुमच्या घरच्यांच्या प्रश्नाकडे येते, कारण तो प्रश्न खरोखर चांगला आहे. माती वाईट असती तर झाड जळून नसतं का गेलं? शिशाच्या बाबतीत उत्तर असं, की सहसा नाही. झाडाला जागा सोडून जाता येत नाही. जी माती वाट्याला आली तिच्यातच त्याला निभवायचं असतं, आणि त्यासाठी त्याच्याजवळ एकामागोमाग एक अशा बऱ्याच युक्त्या असतात.

पहिली मुळाच्या बाहेरच चालते. मुळं सेंद्रिय आम्लं आणि चिकट द्रव सोडतात, त्यात काही धातू बांधले जातात. मुळांवर राहणारी मायकोरायझा बुरशी आपल्या तंतूंमध्ये आणखी काही धरून ठेवते. जे मुळापर्यंत पोचतं त्यातलं बरंचसं पेशीभित्तिकेतल्या पेक्टिनला चिकटतं. शिसं तर फारच पक्कं चिकटतं. त्याच्याही आत, मुळाच्या मध्यभागी जिथून पाणी वर चढतं त्या नळ्यांभोवती, मेणासारख्या पदार्थाची एक पट्टी असते. पेशींच्या फटीफटींतून आलेलं पाणी तिथे अडतं, आणि त्यातलं काय पुढे सोडायचं हे पेशी ठरवतात. एवढं करूनही काही धातू पेशीत शिरलाच, तर त्याला पकडणारे छोटे रेणू झाड स्वतः तयार करतं. त्यांना फायटोकेलॅटिन म्हणतात. १९८५ साली जर्मनीतल्या शास्त्रज्ञांनी ते ओळखले. धातूला पकडून ते पेशीतल्या रिक्तिकेत नेऊन टाकतात. घरातली अडगळीची खोली असते तशी ही जागा, तिथे ठेवलेलं रोजच्या कामाच्या आड येत नाही. तरीही वर गेलेला थोडाफार धातू सालीत आणि जून पानांत साठतो, आणि पान गळालं की त्यातला वाटा मातीत परत येतो.

फळाची पाळी या सगळ्याच्या शेवटी येते. फळाला त्याचं अन्न मुख्यतः पानांकडून येणाऱ्या नळ्यांतून मिळतं, आणि शिसं त्या नळ्यांतून जवळजवळ फिरतच नाही. म्हणून दूषित मातीतल्या फळझाडांची तपासणी होते तेव्हा बहुधा एकच क्रम दिसतो: सगळ्यात जास्त धातू मुळांत, मग साल आणि पानांत, आणि सगळ्यात कमी फळाच्या गरात. पालेभाजीचं तसं नाही. तिचं पानच आपण खातो, आणि ते जमिनीलगत असल्याने त्यावर धूळही बसते. गाजर-मुळ्यात तर आपण मूळच खातो. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानकांत शिशाची मर्यादा फळांसाठी किलोमागे ०.१ मिलिग्रॅम आहे आणि पालेभाज्यांसाठी ०.३, त्यामागे हेही एक कारण आहे.

तुमचा आंबा तर शेड उभं राहिलं तेव्हाच मोठा होता. त्याची पाणी ओढणारी बरीच मुळं खोल गेलेली आहेत, आणि शिसं वरच्या काही इंचांतच अडकून राहतं. काळ्या मातीत ते खाली झिरपत नाही, हवेत उडून जात नाही, कुजतही नाही. माणसाच्या हिशोबाने ते तिथे कायमचंच आहे. झाडाने त्याच्यापासून स्वतःला वाचवलं. पण त्याने माती स्वच्छ केली, असं कुणी समजू नये. मुलं झाडाच्या मुळांनी जगत नाहीत. ती मातीत हात घालतात आणि तेच हात तोंडात घालतात.

धातूंबद्दल बोलताना मला नेहमी वाटतं की 'जड धातू' असा एकच गठ्ठा करणं शेतकऱ्याच्या फारसं कामाचं नाही. तांबं आणि जस्त झाडालाही थोडं लागतं. ते फार झालं तर आधी झाडच खुरटतं, माणसाला बाधेल एवढं फळात जायच्या आधीच. शिसं झाडाला फारसं जाणवत नाही, फळातही फारसं जात नाही, पण माती आणि धूळ धोक्याची होते. कॅडमियम सगळ्यांत फसवं. पीक छान दिसतं आणि धातू खाण्याच्या भागापर्यंत पोचतो. जपानमध्ये जिंझू नदीच्या खोऱ्यात खाणीचं कॅडमियम भाताच्या शेतात उतरलं, तोच भात वर्षानुवर्षं खाऊन लोकांची हाडं ठिसूळ झाली. त्या 'इताई-इताई' रोगाला तिथल्या सरकारने १९६८ साली प्रदूषणाचा रोग म्हणून मान्यता दिली. तुमच्या पत्रातल्या गोष्टींवरून कॅडमियम हा तुमचा मुख्य प्रश्न दिसत नाही. पण ज्या वाचकांच्या रानात मुलामा देणाऱ्या एखाद्या कारखान्याच्या नाल्याचं पाणी शिरतं, त्यांनी हे उत्तर आपल्याला लागू आहे असं धरून चालू नये. त्यांनी आधी कॅडमियम, क्रोमियम आणि निकेल तपासावं.

घरामागच्या कोपऱ्याचं काय करायचं ते आता सांगते. जुन्या बॅटरीच्या प्लेटा म्हणजे शिसं आणि शिशाचं ऑक्साइड. बॅटरी उघडताना ती भुकटी खाली पडते, धुतलेलं पाणी सांडतं. ॲसिड सांडलं तिथली माती आम्लधर्मी होते आणि आम्लधर्मी मातीत शिसं जास्त सुटं होतं. पहिली गोष्ट, दिरांना विचारून ठेवा की बॅटऱ्या नेमक्या कुठे उघडायचे, पाणी कुठे ओतायचे, तुटक्या प्लेटा कुठे टाकायचे. हे त्यांच्याइतकं नीट दुसऱ्या कुणाला माहीत नसणार. त्यांना दोष देण्यासाठी विचारू नका. गावोगावी हे काम असंच चालत आलंय आणि सगळ्यात जास्त शिसं त्यांच्याच अंगात गेलेलं असणार, तेव्हा त्यांनीही रक्त तपासून घ्यावं.

मग तिथून मातीचे नमुने घ्या. शिशासाठी वरच्या दोन इंचांची माती घ्यायची, कारण मुलांच्या हाताला तीच लागते. एक नमुना शेडच्या जागेचा, एक आंब्याखालचा, एक अंगणातला, आणि एक घरापासून लांबच्या बांधावरचा, तुलनेसाठी. चारही वेगवेगळ्या स्वच्छ प्लास्टिक पिशव्यांत भरा, नाव घाला, आणि एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यता असलेल्या प्रयोगशाळेत 'एकूण शिसे' तपासायला द्या. मृदा आरोग्य पत्रिकेवर इथे भिस्त ठेवता येत नाही. २०१५ साली सुरू झालेल्या त्या योजनेत १२ गोष्टी तपासतात: सामू (पीएच), क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र-स्फुरद-पालाश, गंधक, आणि जस्त, लोह, तांबं, मंगल, बोरॉन. पिकाला काय कमी पडतंय हे सांगण्यासाठी ती उत्तम आहे. शिसं आणि कॅडमियम तिच्यात नाहीतच.

आकड्याचा अर्थ कसा लावायचा? अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने २०२४ साली घराभोवतीच्या मातीसाठी सावध होण्याची पातळी किलोमागे ४०० मिलिग्रॅमवरून २०० वर आणली. तुमच्या अंगणाचा आकडा त्याच्या आसपास किंवा वर आला, तर माती झाकायची किंवा काढायची. झाकणं स्वस्त आणि बहुतेक ठिकाणी पुरेसं. स्वच्छ मुरूम आणि त्यावर चांगली माती असा फूटभर थर द्या आणि गवत लावा, किंवा सरळ फरशी घाला. आंब्याच्या बुंध्याला मात्र भर टाकू नका, नाहीतर साल कुजते. बुंध्याभोवती हातभर जागा मोकळी ठेवून तिथे दगड रचा. शेडच्या नेमक्या जागी आकडे हजारांत आले, तर ती माती स्वतः खणून उकिरड्यावर, ओढ्यात किंवा शेतात टाकू नका. तो घातक कचरा ठरतो. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या सांगलीतल्या कार्यालयात लेखी अर्ज देऊन विचारा. उरलेल्या बॅटऱ्या आणि प्लेटाही भंगारवाल्याला देऊ नका. २०२२च्या बॅटरी कचरा नियमांप्रमाणे त्या नोंदणी असलेल्या पुनर्वापर करणाऱ्याकडेच जायला हव्यात.

आंबा तोडायचा का? अजिबात नको. सासऱ्यांचं झाड उभं राहू द्या. त्याची मुळं माती धरून ठेवतात. आंबे झेल्याने उतरवा, खाली पडलेले मुलांना उचलून खाऊ देऊ नका. आंबा चोखून खायचा तर आधी भांड्यात बुचकळून न थांबता वाहत्या पाण्याखाली चोळून धुवायचा. कैरीला मीठ-तिखट लावून सालीसकट खायची मुलांना सवय असते, ती कैरीही तशीच धुवा, जमल्यास सोला. धोका सालीवरच्या धुळीचा आहे, गराचा फारसा नाही. खात्रीच करायची असेल तर पुढच्या हंगामात पिकलेल्या चार-सहा आंब्यांचा गर तपासायला द्या. तेवढा खर्च मनाच्या शांततेसाठी वाया जाणार नाही.

त्या कोपऱ्यात मेथी, कोथिंबीर, मुळा, गाजर लावू नका. कोंबड्या तिथे उकरू देऊ नका. त्या माती टिपतात आणि शिसं अंड्यात उतरतं. म्हैस, शेळी तिथे बांधू नका, जनावरं बॅटरीच्या प्लेटा चाटून दगावतात. आंब्याचा पाला कुजवून परसबागेत टाकू नका आणि फांद्या चुलीत जाळू नका, राखेत धातू साठून राहतात.

आता द्राक्षाच्या रानाकडे येऊ. इथे मला मोकळेपणाने श्वास घेता येतो.

दुकानातल्या माणसाने सांगितलेलं अर्धं खरं आहे. बोर्डो मिश्रणाची सुरुवातच द्राक्षबागेत झाली. फ्रान्समधल्या बोर्डो भागात रस्त्याकडेच्या वेलींवर चोरांना आळा बसावा म्हणून मोरचूद आणि चुना मारत. त्या वेलींवर डाऊनी हा बुरशीचा रोग येत नाही हे मिलार्दे या शास्त्रज्ञाच्या ध्यानात आलं, आणि १८८५ साली त्यांनी ते प्रसिद्ध केलं. तेव्हापासून जगभरच्या द्राक्षाच्या मातीत तांबं साठत गेलं. तुमच्याकडे किती साठलं असेल, त्याचा ढोबळ हिशोब आपण करू. १ टक्का बोर्डो म्हणजे १०० लिटर पाण्यात १ किलो मोरचूद. एकरी ४०० लिटर पाणी धरलं तर एका फवारणीत ४ किलो मोरचूद. मोरचुदात साधारण २५ टक्के तांबं, म्हणजे एका फवारणीत १ किलो. खरड छाटणीनंतरच्या आणि पावसाळ्यातल्या अशा मिळून वर्षाला तीन धरल्या, तर एकरी ३ किलो. २२ वर्षांत ६६ किलो. कॉपर ऑक्सिक्लोराइड हे तांब्याचंच दुसरं बुरशीनाशक आणि खोडाला लावलेली बोर्डो पेस्ट याच्या वर. एकराच्या वरच्या सहा इंच मातीचं वजन सुमारे ९ लाख किलो भरतं, म्हणजे मातीत किलोमागे ७० ते ७५ मिलिग्रॅम तांबं तुमच्या फवारणीने वाढलं असणार. युरोपीय संघाने २०१९ पासून तांब्याला ७ वर्षांत हेक्टरी २८ किलोची मर्यादा घातली आहे, म्हणजे वर्षाला एकरी दीड किलोच्या जरा वर. आपला हिशोब त्याच्या जवळजवळ दुप्पट होतो. तेव्हा दुर्लक्ष करण्यासारखं नाही. पण माती मेली असं म्हणण्यासारखंही नाही. दक्षिण ब्राझीलच्या काही जुन्या द्राक्षमळ्यांत किलोमागे हजार मिलिग्रॅमच्या वर तांबं सापडलेलं आहे.

आणि आपल्या जमिनीच्या दोन गोष्टी इथे लक्षात घ्यायला हव्यात, त्या परदेशी माहितीत सापडत नाहीत. एक म्हणजे आपला काळा पाषाण. दख्खनच्या या दगडात तांबं मुळातच किलोमागे शंभर-दोनशे मिलिग्रॅमच्या घरात असतं, आणि आपली माती त्याच दगडाची झालेली आहे. सांडपाण्याचा गाळ शेतात टाकण्यासाठी युरोपने मातीतल्या तांब्याला ५० ते १४० अशी मर्यादा आखली आहे. आपल्याकडची कधीच न फवारलेली जमीनही तिला टेकू शकते. म्हणून नुसता 'एकूण तांबे' हा आकडा पाहून घाबरायचं नाही. बागेच्या नमुन्याबरोबर कधीच फवारणी न झालेल्या जवळच्या माळाचा किंवा पडीक बांधाचा नमुना द्या, आणि दोन्हींतला फरक बघा. तो फरक तुमच्या फवारणीचा.

दुसरी गोष्ट म्हणजे चुनखडी. तुमच्या भागातल्या बऱ्याच जमिनींचा सामू ८च्या आसपास असतो. अशा मातीत तांबं घट्ट बांधलेलं राहतं, मुळाला फार कमी मिळतं. फ्लोरिडातल्या संत्रा-मोसंबीच्या रेताड, आम्लधर्मी जमिनींत हेच तांबं झाडांना छळतं, आणि तिथे उपाय म्हणून चुना टाकतात. तो सल्ला वाचून किंवा ऐकून तुमच्या रानात चुना टाकू नका. आपल्याकडे तो आधीच जास्त आहे, आणखी टाकला तर झाडाला लोह मिळणं बंद होईल.

पत्रिकेतल्या 'पुरेसे' शब्दाचा अर्थ एवढाच, की तांबं कमी नाही. पत्रिकेसाठी डीटीपीए पद्धतीने झाडाला मिळू शकेल तेवढंच तांबं मोजतात, त्यात किलोमागे ०.२ मिलिग्रॅमच्या वर आकडा गेला की तांबं पुरेसं धरतात, मग तो २ असो की ४०. जास्त झालंय का, हे त्या शब्दातून कळत नाही. पत्रिकेवर छापलेला मूळ आकडा बघा.

आता खरा मुद्दा. तांब्याने त्रास झाला तर तो फळ खाणाऱ्याला नाही, रोपाला होईल. जुनी द्राक्षवेल तिथे २२ वर्षं तगली, कारण वरचा थर बिघडत गेला तोवर तिची मुळं खाली उतरलेली होती. नवं रोप मात्र त्याच वरच्या थरात पहिलं मूळ फोडतं. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या सफरचंदाच्या बागांनी हे फार महागात शिकलं. तिथे गेल्या शतकाच्या मध्यापर्यंत अळीसाठी लेड आर्सेनेट फवारत. मातीत शिसं आणि आर्सेनिक साठत गेलं, तरी मोठी झाडं भरभरून फळत राहिली. ती जुनी झाली म्हणून काढून तिथेच नवी रोपं लावली, तेव्हा ती खुरटली. जर्दाळू आणि पीचची तर सफरचंदाहून वाईट गत झाली. तुमच्या रानात आर्सेनिक नाही, आणि मोरचूद त्याच्याइतकं वाईट नाही. पण मोठ्या झाडाला जे सोसतं ते रोपाला सोसेलच असं नाही, हे तिथे फार स्पष्ट दिसलं, आणि सीताफळ-पेरूच्या रोपालाही ते लागू आहे.

म्हणून लावणीआधी पलटी नांगराने खोल नांगरट करा, म्हणजे वरचा थर खालच्या मातीत मिसळून तांब्याचं प्रमाण पातळ होईल. बागेतल्या जुन्या बोदांवर, म्हणजे वेलींच्या ओळींच्या उंचवट्यांवर, खड्डे घेऊ नका, फवारणीचं आणि पेस्टचं तांबं तिथेच जास्त उतरलेलं असतं. दोन बोदांमधली जागाही अगदी कोरी नाही, पण बरी. खड्डा २ बाय २ फुटांचा घ्या आणि त्यात बागेची वरची माती परत भरू नका. स्वच्छ पाझर तलावाचा गाळ किंवा माळाची माती आणि २०-२५ किलो चांगलं कुजलेलं शेणखत घाला. तांबं सेंद्रिय पदार्थाला फार घट्ट चिकटतं, त्यामुळे शेणखत आणि कंपोस्ट हेच इथलं खरं औषध. दरवर्षी देत राहा. मायकोरायझा रोपाच्या मुळाशी लावा, पण आधी शेणखत, मग मायकोरायझा. तांब्याच्या मातीत एकटी बुरशी टिकत नाही. ताग किंवा धैंचा पेरून फुलोऱ्याआधी गाडला तर उत्तम. मात्र या रानात द्विदल पिकांच्या मुळांवर गाठी कमी आल्या तर नवल वाटू देऊ नका, गाठींच्या जिवाणूंना तांबं सोसत नाही.

झाडं कोणती? पेरू, सीताफळ, बोर, चिंच, आवळा ही चुनखडीच्या जमिनीत काटक आहेत, त्यांनी सुरुवात करा. आंबा दोन-चार लावून बघा. लिंबू सध्या नको. लिंबूवर्गीय झाडं चुनखडीत आधीच लोहासाठी तरसतात, त्यात मुळांना तांब्याचा त्रास झाला तर कोवळी पानं पिवळी पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. असं दुसऱ्या झाडांवर दिसलं तर दुकानात मिळणारं साधं ईडीटीए प्रकारचं लोह जमिनीतून देऊन उपयोग नाही, ८ सामूला ते टिकत नाही. ईडीडीएचए प्रकारचं लोह ड्रिपमधून द्या, किंवा फेरस सल्फेटची ०.५ टक्क्याची फवारणी घ्या.

मेंढरांबद्दल विचारलंत हे फार बरं केलं. बसवू नका. सगळ्या पाळीव जनावरांत मेंढीला तांबं सर्वांत कमी सोसतं. ते तिच्या यकृतात हळूहळू साठतं आणि एक दिवस अचानक ती लाल लघवी करून मरते. बाग काढून एक वर्षच झालंय, बोदावरचं गवत चरताना मेंढ्या मातीही खातात. तुमच्या रानाला लेंडीखत मिळेल, पण धनगराच्या कळपाचं नुकसान होऊ शकतं, आणि कशाने झालं हे त्याला कळणारही नाही. लेंडीखत हवं असेल तर ट्रॉलीने विकत घ्या. ज्यांच्या चालू बागेत बोर्डो फवारलेल्या पाल्यावर मेंढ्या सोडतात, त्यांनाही हे सांगा.

माती तपासणीसाठी कसबे डिग्रजचं कृषी संशोधन केंद्र तुमच्या जवळ आहे, तिथे विचारा. एकूण तांबं आणि डीटीपीए तांबं दोन्ही मागायचं, ० ते ६ इंच आणि ६ ते १२ इंच असे वेगळे नमुने द्यायचे. जस्ताचा मुलामा असलेल्या घमेल्यात माती गोळा करू नका, जस्ताचा आकडा बिघडतो. द्राक्षाबद्दल काही शंका उरली तर पुण्याजवळ मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राला पत्र लिहिता येईल.

पहिल्या वर्षी ३० गुंठे एकदम लावू नका. येत्या पावसाळ्यात दहा-पंधरा रोपं रानाच्या वेगवेगळ्या कोपऱ्यांत लावा. मुलांना हवी असतील तर ती त्यांच्या हातून लावा, या मातीत हात घालायला हरकत नाही, नंतर हात धुतले की झालं. पुढच्या उन्हाळ्यात सगळ्यांत मागे राहिलेल्या रोपाच्या कडेला हलकेच खणून बारीक मुळं बघा. टोकं पांढरी आणि लांब असतील तर उरलेल्या रानात लावायला घ्या. ती आखूड, जाड आणि तपकिरी झालेली दिसली, तर त्या कोपऱ्यात आणखी एक वर्ष ताग आणि शेणखतच घाला.